आधी हाक, मग बार

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. २०१८ च्या ऑक्टोबरात मी महिनाभर त्याच्याकडे होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "काका, चला दुकानात. शिकारीचे कपडे घ्यायचेत मला. तुम्ही रानातले माणूस, रंग तुम्हीच निवडा."

मला हसू आलं. सोलापूरच्या माळावर जन्मलेल्या माणसानं अमेरिकेतल्या झाडीचा रंग निवडायचा! पण गेलो. दुकान कसलं, आपल्या मार्केट यार्डाएवढं होतं. एका भिंतीवर नुसती क्रॉसबो टांगलेली. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. त्याला बंदुकीसारखा दस्ता आणि चाप. दोरी दोन्ही हातांनी, दोरखंडाचा आकडा लावून ओढायची, ती मागं अडकते. मग खोबणीत वीसेक इंचाचा बाण ठेवायचा. दोरी ओढून धरायला ताकद लागत नाही, चाप ओढला की बाण सुटतो. बाण न ठेवता चाप कधीच ओढायचा नाही, नाहीतर धनुष्य स्वतःच्याच जोरानं मोडतं, हे पुतण्यानं मला दोनदा सांगितलं. एवढं यंत्र, पण खात्रीचा नेम तीस-चाळीस यार्डांचाच. म्हणजे हरणाच्या इतकं जवळ जायचं की त्याच्या कानाची हालचाल दिसावी. म्हणून मग कपडे.

कपड्यांचे प्रकार पाहून मी चक्रावलो. सप्टेंबरच्या शेवटी मोसम सुरू होतो तेव्हा पानं हिरवी असतात, त्याला हिरवं कापड. नोव्हेंबरात पानगळ होते, त्याला राखाडी-तपकिरी, फांद्यांच्या रेघा काढलेलं. तोंडाला जाळी, हाताला मोजे, कारण उघडी कातडी चमकते. कापड मऊ पाहिजे, हात वर केला की कागदासारखं वाजता कामा नये. पायात रबरी बूट, वास कमी लागावा म्हणून. कपडे धुवायचा साबणसुद्धा वेगळा, बिनवासाचा. आणि ज्याला वाऱ्याची दिशा बघायचीय त्याला एक छोटी बाटली, दाबली की पांढरी पूड उडते.

ती बाटली हातात घेतली आणि मला माझा मामा आठवला. मामा चिमूटभर माती सोडायचा.

मामाकडं पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रब्बीत हरभरा घाट्यावर आला आणि शाळू हुरड्यावर आला की रात्रीतून काळविटांचा कळप शेतात शिरायचा. मामा पहाटे शाळवाच्या कडेला दबा धरून बसायचा. सुट्टीत मी आजोळी असलो की मला बरोबर न्यायचा. त्याचे नियम पक्के होते. पांढरं धोतर नको, त्यातून नीळ घातलेलं तर मुळीच नको. अंगावर काळी घोंगडी. नळीला काजळी चोळायची. बिडी नाही, खोकला नाही. वारा तोंडावर घ्यायचा. जागेवर बसल्यावर मातीची चिमूट सोडायची, ती आपल्याकडं आली तर बसायचं, जनावराकडं गेली तर उठून घरी जायचं.

नीळ नको असं का, ते मामाला सांगता यायचं नाही. "दिसतं त्येला," एवढंच. ते ओहायोत कळलं. पुतण्यानं सांगितलं की हरणाच्या डोळ्याला रंग ओळखणारे दोनच प्रकारचे पेशी असतात, आपल्याला तीन. तांबडा-नारिंगी त्याला मळकट दिसतो, निळा मात्र ठसठशीत दिसतो. खूर असलेल्या बहुतेक जनावरांचं असंच आहे. म्हणून तिकडं शिकारीला निळी जीन्स घालत नाहीत.

कपड्यांचा ढीग झाल्यावर पुतण्यानं वरून एक भडक नारिंगी जाकीट उचललं. रस्त्यावर काम करणारे घालतात तसं. मी म्हणालो, "अरे, एवढं सगळं लपायला घेतलंस, आणि हे?"

"ते हरणासाठी, काका. हे माणसासाठी." बंदुकीचा मोसम चालू असतो तेव्हा धनुष्यवाल्यालाही नारिंगी घालावंच लागतं, कायदाच आहे. हरणाला ते दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला कोसभरावरून दिसतं.

मी ते जाकीट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. का, ते पुतण्याला सांगितलं नाही. आज इथं सांगतो.

१९६९ साल असावं. मी चौदा वर्षांचा. पौषातली थंडी. मी आणि मामा पहाटे बसलो होतो. वारा तोंडावर. उजाडायला अजून वेळ होता, नुसता करडा उजेड. समोर हरभऱ्याचं रान, आणि त्यात वीस-पंचवीस पावलांवर काहीतरी हललं. जमिनीलगत, तपकिरी, पाठीला पोक आल्यासारखं. थांबायचं, पुढं सरकायचं, पुन्हा खाली मान घालायचं. मामानं माझ्या गुडघ्यावर बोट दाबलं. म्हणजे गप्प. बंदूक हळूच खांद्याला गेली. घोडा चढल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

आणि काकणं वाजली.

हलकीच. ओलं फडकं पिळताना वाजतात तशी. मामाची नळी तिथंच थांबली. मग उजेड एक पायरी वर चढला आणि दिसलं, पोत्याची खोळ पांघरलेली बाई. आमच्याच आळीतली. हरभऱ्यावर रात्री फडकं पसरून ठेवलं की पहाटेपर्यंत ते दवानं आणि आंबेनं भिजतं. ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवतात, पोटदुखीवर देतात. तिच्या पोराचं पोट दुखत होतं, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या रानात न विचारता आली होती म्हणून वाकून, लपून चालली होती. जाता जाता तिनं ओटीत थोडे शेंडेही खुडून घेतले.

मामानं हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती चोर ठरली असती. आम्ही श्वास धरून बसून राहिलो. तिला आमच्यापासून लपायचं होतं, आम्हाला तिच्यापासून. ती बांध ओलांडून गेल्यावर मामानं नळीच्या कानावरची केप काढली, बंदूक आडवी ठेवली आणि दबा धरून बसल्या जागी कधी न ओढलेली बिडी ओढली. काडी तीन वेळा विझली. ठासलेला बार उलटा काढणं सोपं नसतं. दिवस वर आल्यावर त्यानं तो विहिरीच्या ढिगाऱ्यात मोकळा केला. घरी येताना एवढंच म्हणाला, "कुनाला बोलू नगंस."

मी बोललो नाही. पण त्या रात्री झोपताना एक विचार आला, तो पन्नास वर्षांत गेलेला नाही. ती बाई सवाष्ण होती म्हणून हातात काकणं होती. आमच्या आळीत तेव्हा चार विधवा होत्या. त्यांच्यापैकी कुणी आंबेला आली असती तर?

त्यानंतर मामा दबा धरून बसायचा सोडला नाही. पीक तर राखायलाच हवं होतं. पण त्यानं एक चाल बदलली. काही हललं की आधी मोठ्यानं हाक द्यायचा, "कोन हाय रंऽऽ?" आणि मग बंदूक उचलायचा. हाकेनं कळप उधळायचा. काळवीट उधळलं की ठासणीच्या बंदुकीला कुठलं सापडतं! पारावर लोक हसायचे. "शिकारी हाय का जागल्या?" एकजण म्हणाला, "आधी हाक, मग बार? मग बंदूक कशाला, पत्र्याचा डबा वाजीव की!" मामा हसण्यावारी न्यायचा. खरं कारण फक्त मला माहीत होतं. आणि पुढच्या वर्षी हरभरा काढायला लागल्यावर त्यानं मजुरांना सांगितलं, "बांधाकडंचं चार तास राहू द्या." का, ते त्यांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आता प्रश्न असा आहे. मामाचं चुकलं कुठं? लपण्यात? की न ओळखता नेम धरण्यात?

आमच्या देवळात रामायण लागायचं. वालीवधाला आलं की पारावर दोन तट पडायचे. झाडाआड लपून रामानं वालीला मारलं. वाली पडल्या पडल्या विचारतो, मी तुझ्याशी लढत नव्हतो, मग लपून का मारलंस? रामाच्या उत्तरात एक मुद्दा असा आहे की माणसं जनावरांना जाळ्यानं, फाशानं, लपून मारतातच, त्यात दोष नाही, आणि तू वानर आहेस. लहानपणी मला हे उत्तर पटायचं. त्या पहाटेनंतर पटेना. कारण ते उत्तर खरं ठरायला समोरचा जनावरच आहे हे आधी ठरलेलं पाहिजे. ते ठरवणारा कोण? तर झाडाआडचाच.

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं आमच्या पारावर कुणी लक्ष दिलं नाही. पहिल्या वेळी राम बाण सोडतच नाही. दोघे भाऊ सारखेच दिसतात, वाली कुठला आणि सुग्रीव कुठला ते कळत नाही, म्हणून थांबतो. सुग्रीव मार खाऊन परत येतो. मग लक्ष्मण त्याच्या गळ्यात फुललेल्या गजपुष्पीची वेल घालतो, आणि दुसऱ्या वेळी ओळख पटते. ओहायोच्या दुकानात नारिंगी जाकीट हातात होतं तेव्हा मला ती वेल आठवत होती. आणि जो थांबला नाही तो दशरथ. अंधारात घडा भरल्याचा आवाज आला, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि आवाजावर बाण सोडला. नेम अचूक होता. श्रावण मेला. आपण त्याला शब्दवेधी म्हणून नावाजतो, पण शब्द त्यानं नीट ऐकलाच नव्हता. मामानं ऐकला. दोघांतला फरक एवढाच, आणि त्यातला अर्धा तरी नशिबाचा.

कुणाला जनावरांच्या रांगेत घालायचं, हे नुसतं पहाटेच्या अंधारात ठरत नाही. आमच्या माळावर एक फासेपारधी यायचा. त्याच्याकडं शिकवलेला बैल. उघड्या माळावर लपायला झुडूप नसतं, म्हणून तो बैलाच्या आडून चालायचा. बैल चरत चरत तितरांकडं, हरणांकडं सरकायचा, त्याच्या पायांच्या चालीवर हा पाय टाकायचा, आणि योग्य जागी फासे मांडायचा. मी विचारलं होतं, "बुजत न्हाईत?" म्हणाला, "जनावर मानसाला भितं, बैलाला न्हाई." पोटुशी मादी फाशात आली तर सोडून देतो, असंही म्हणाला. फाशातलं जनावर हातात घेऊन बघता येतं. बार गेल्यावर ते होत नाही.

हा इतक्या बारकाईनं बघणारा माणूस, पण त्याला मात्र कुणी नीट बघितलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं त्याखाली पारध्यांसारख्या कितीतरी जमाती आल्या. जन्माला आलं की गुन्हेगार. आमच्या सोलापुरातच तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. १९५२ च्या ३१ ऑगस्टला ते सुटले, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर जायचे ते जायचेच. माणूस न ओळखता नेम धरायचा हाही प्रकारच झाला. त्यात नळीला काजळी लावावी लागत नाही, एवढंच.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटाला हात लावणं गुन्हा झाला. मामाची बंदूक पुढं जमा झाली. पारध्याचा धंदा गेला आणि बदल्यात त्याला फारसं काही मिळालं नाही. कायदा चांगलाच होता, नाहीतर आज नान्नजच्या माळावर काळवीट दिसलं नसतं. पण एकाच कायद्यानं कुणाची हौस गेली आणि कुणाची भाकरी गेली, हेही म्हणायला हवं.

पुन्हा ओहायो. पुतण्यानं जमिनीवर तंबूसारखं लपण लावलं होतं. आत बसताना म्हणाला, "काळं घाला काका. आत अंधार असतो, काळं दिसत नाही." मामाची घोंगडी! पहिल्या संध्याकाळी एक मादी दोन पिल्लांसह आली. त्यानं धनुष्य उचललं नाही. दुसऱ्या संध्याकाळी एक नर आला, पंचवीसेक यार्डांवर. पुतण्या थांबला. हरीण आडवं होईपर्यंत, मागं काय आहे ते दिसेपर्यंत. मग बाण गेला. आवाज दोरीचाच, जरा मोठा. हरीण उडालं आणि झाडीत गेलं.

मला वाटलं, आता पळेल त्याच्यामागं. नाही. घड्याळ लावून अर्धा तास बसला. लगेच मागं लागलं तर जखमी जनावर लांब पळतं आणि सापडत नाही, तडफडून मरतं. मग बॅटरी घेऊन रक्ताच्या थेंबामागं चालत गेलो. साठ-सत्तर पावलांवर सापडलं. पोराचे हात थरथरत होते. "दर वेळी होतं असं," म्हणाला. "ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी सोडीन."

मी त्याला काही बोललो नाही. मटण मी खातो. ते बकरं कुणी, कसं कापलं हे मी उभ्या आयुष्यात बघायला गेलो नाही. ठिपक्यांचे कपडे न घालताही मी लपलेलाच आहे, खाटकाच्या पत्र्याआड. ज्यानं बघितलं, थांबला, मागं गेला, त्याला नावं ठेवायला मी कोण?

पण माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं. लपणं हे पाप नाही. भूक असेल, पीक राखायचं असेल तर जवळ जावं लागतं, आणि जवळून मारलेलं कमी तडफडतं. पण लपलेल्यावर दुप्पट जबाबदारी येते. समोरच्याला आपण दिसत नाही, म्हणजे तो काही सांगू शकत नाही, हात जोडू शकत नाही, 'मी आहे' म्हणू शकत नाही. त्याच्या वाटचं बघणंही आपणच करायचं. नीट दिसलं नाही तर हात खाली. आणि जिथं माणूस असू शकतो तिथं आधी हाक. हरणाला हाक देता येत नाही, तिथं माझा हिशोब अपुरा पडतो हे मला कबूल आहे.

हे सगळं लिहायला बसलो ते अमेरिकेमुळं नाही. आमच्याकडं आता रानडुकरं आलीत. एका रात्रीत मक्याचं अर्धं रान लोळवतात. गेल्या वर्षी बांधाशेजारचा पोरगा आला. चांगला कष्टाळू, कर्जात बुडालेला. म्हणाला, "तात्या, सामायिक बांधावरनं तार वढतो. रात्रीचा करंट सोडतो. तुमचंबी राखलं जाईल."

मी त्याला बसवलं. चहा दिला. राज्यात किती ठिकाणी अशा तारेला डुकराऐवजी माणसं चिकटली, गुरं मेली, विदर्भात वाघसुद्धा मेले, हे त्याला माहीत होतं. पेपर तोही वाचतो. "रातचं कोन येतंय रानात?" म्हणाला.

तेव्हा मी पहिल्यांदा, पन्नास वर्षांनी, ती पहाट बोलून दाखवली. बाईचं नाव नाही सांगितलं. ती म्हातारी होऊन गेली. हयातभर आमच्या अंगणात ताक न्यायला यायची, मी तिला काकू म्हणायचो, आणि तिच्यावर नळी रोखली होती हे तिला कधी सांगितलं नाही. हेही लपणंच. त्याचा मात्र मला आजही जाब देता येत नाही.

पोरगा ऐकत होता. मी म्हणालो, "बाबा, माझ्या मामाच्या बंदुकीमागं मामा तरी होता. त्यानं काकणं ऐकली. तारेला कान न्हाईत."

तो काही न बोलता गेला. आठ दिवसांनी आला, म्हणाला, निम्मे पैसे घाला, सोलरवरचं झटका मशीन आणू. त्या तारेला हात लागला की झटका बसतो, माणूस काय जनावर काय मागं सरतं, मरत नाही. मी पैसे घातले. डुकरं पूर्ण थांबली नाहीत. एक-दोन तास अजून जातात. पण रात्री रानातून टिक-टिक असा आवाज येतो, मशीन चालू असल्याचा. अंथरुणात पडल्या पडल्या तो ऐकू आला की मला वाटतं, मामा हाक देतोय.